छप्पर आहे तोवर

दिघीच्या माळावर आम्ही घर बांधलं, तेव्हा जागामालकाशी जे काही ठरलं ते बांधावर उभ्याउभ्याच ठरलं. त्यांच्या एका हातात बैलाचा कासरा होता, दुसऱ्या हातात मळलेली तंबाखू. माळाच्या त्या तुकड्यावर कुसळांशिवाय काही उगवत नव्हतं, त्यामुळं आम्ही राहिलो काय आणि न राहिलो काय, त्यांचं काही अडत नव्हतं. ते म्हणाले, "छप्पर उभं हाय तवर खुशाल ऱ्हावा. छप्पर पडलं, की जागा माजी." आणि चारचौघांसमोर मोठ्यानं हसले. आमचे हेही हसले. मी हसले नाही. खाडीकाठच्या गावातून लग्न होऊन घाटावर आलेली मी. छप्पर पडणं म्हणजे काय ते मी लहानपणापासून पाहिलं होतं. तो हसण्याचा विषय नव्हे.

घर आमच्याच हातांनी उभं राहिलं. हे पिंपरीकडं नव्यानं निघालेल्या एका कारखान्यात कामाला होते. सुट्टीच्या दिवशी हे दगड फोडायचे, मी माती तुडवायची आणि सासूबाई एकेक दगड हातात घेऊन, उलटा-सुलटा करून, त्याला जागा दाखवायच्या. माळाला लागूनच लष्कराची हद्द होती. तिथल्या मोडक्या सामानाच्या लिलावातले जुने पन्हळी पत्रे आम्ही मिळवले. त्यांना आधीच्या खिळ्यांची भोकं होती, ती डांबरानं बुजवली. दोन खोल्या झाल्या. मग मी हट्ट धरला की पुढं पडवी हवी. मावळतीला तोंड करून बसायला, धान्य पाखडायला, आल्यागेल्याला टेकायला. पडवीशिवाय घर म्हणजे मला पेटी वाटायची. ह्यांनी कुरकुर करत पडवी काढून दिली. सासूबाईंनी तिच्या कडेला शेवग्याची फांदी रोवली. ती अशी काही फोफावली, की वर्ष-दीड वर्षात पत्र्याच्या वर गेली.

पुढं दिवस बदलले. मुंबईकडून मोटारीतून माणसं यायला लागली, माळाकडं हात करून आपसात बोलायला लागली. कारखान्यांना जागा लागत होती, आणि कुसळांची जमीन एकाएकी जमीन झाली. जागामालक मग जाता-येता आमच्या दारात थांबायचे. पाणीही मागायचे नाहीत. वर बघून विचारायचे, "कसं काय हाय छप्पर?"

"आहे की," मी म्हणायची.

"न्हाई, पत्रं जुनं हायती म्हून इचारलं."

हे मला सांगायचे, मनावर घेऊ नको, चेष्टा करतात. मला ती चेष्टा कळत होती. म्हणूनच मी मनावर घेत होते.

दिवाळी होऊन गेली होती. बाजरी खळ्यावरून घरात आली होती, ज्वारी गुडघ्याएवढी झाली होती. एके दिवशी सकाळी शेजारच्या भाबी धावत आल्या. आळंदीच्या रस्त्याला फाटा फुटतो तिथं त्यांच्या नवऱ्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि दुकानामागं गवताच्या छपराचं घर. आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. लष्करातल्या जवानांच्या सायकली त्यांच्याकडं यायच्या, म्हणून माळावरची कुठलीही बातमी आधी त्यांना कळायची.

"वैनी, हवालदार सांगून गेला. समिंदरात तुफान उठलंय. मुंबईवर येतंय, आन् तिथनं सरळ घाटावर. त्यांच्या तंबूंचं दोर आवळायला लागलेत ते."

"कधी?"

"उद्याच्याला म्हनं."

गावात ही बातमी पोचली, तेव्हा लोक हसले. पारावर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं तर मला ऐकू जाईल असं म्हटलं, "आपून डोंगराच्या आडोशाला हाय. समिंदराचं वारं घाट वलांडत न्हाई. ही कोकणातली बायामाणसं, त्यांच्या सपनात बी वादळ येतं." आकाश निळंशार होतं, पान हलत नव्हतं. मी घरी आले तर सासूबाई अंगणात उभ्या होत्या. मावळतीकडं तोंड, नाक वर केलेलं. त्या दिवशी सकाळपासून त्या बोलल्या नव्हत्या. आमचं तसंही फारसं बोलणं नसायचं. लेक घाटावर आला म्हणून त्या आल्या होत्या, आणि आपल्याला गाव सोडावं लागलं याचा राग कुणावर तरी काढायला हवा म्हणून तो माझ्यावर होता.

मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. "माका आधीच कळलंय. मुंग्या बघ भिंतीवर कुठवर चढल्यात." आणि लगेच म्हणाल्या, "पडवी उतरव."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"पडवी उतरव गो. वारा मावळतीचा येणार. पडवीच्या खाली शिरला, की सगळा पत्रा सुपासारखा उचलून नेणार. घर ठेवायचं असेल तर पडवी काढ."

"आणि जागामालक? ते म्हणतील छप्पर उतरलं. ते एवढ्याचीच वाट बघतायत."

"छप्पर घरावर असतं. पडवी म्हणजे छप्पर नव्हे."

"हे तुम्ही म्हणता. ते काय म्हणतील?"

आमची चांगलीच जुंपली. त्या पडवीसाठी मी ह्यांच्याशी कितीदा भांडले होते! मी म्हटलं, छपराला दोर बांधू, दगड लावू, पण पडवी नाही उतरवणार. म्हटलं, आणि काढायचंच असेल तर तो शेवगा काढा ना. ठिसूळ झाड, पहिल्या झोतात पत्र्यावर आडवा होईल. मी बोलून गेले आणि जीभ चावली. त्या शेवग्याला त्या रोज हाताचं धुतलेलं पाणी घालायच्या. घाटावर आल्यावर त्यांचं म्हणून काही असेल, तर ते तेवढं एक झाड होतं.

सासूबाई आत गेल्या, कोयता घेऊन बाहेर आल्या, पदर खोचला आणि पहिला घाव घातला. शेवग्याचं लाकूड मऊ, पण हात म्हातारे. थांबून थांबून, दम खात, त्या झाड तोडत राहिल्या. मी पुढं झाले तर म्हणाल्या, "तू तुझं बघ. माझं मी तोडते, तुझं तू उतरव."

मी शिडी लावली.

भाबी आल्या, त्यांचे सायकलवाले मालकही आले. त्यांनी पान्ह्यानं पत्र्यांचे आकडे सैल केले, आम्ही दोघींनी एकेक पत्रा खाली घेतला. पडवीचे पत्रे घराच्या उगवतीकडं, आडोशाला जमिनीवर आडवे रचले आणि वर दगड ठेवले. पडवीचे खांब नुसते उभे राहिले. मी तिकडं पाठ केली. पण खरं सांगते, एकदा पहिला पत्रा उतरला आणि मग अंगात एक वेगळंच बळ आलं. येणाऱ्याला आपण घाबरून बसलो नाही, आपण आधी हात घातला, असं काहीसं.

कोकणात कौलांवरून दोर टाकून दोन्ही टोकांना दगड बांधतात. इथं दगडांना तोटा नव्हता, दोर नव्हता. घरात विहिरीच्या पोहऱ्याचा तेवढा एक दोर होता, तो छपराला पुरला नसता. जागामालकाकडं कासरे होते, पण त्यांच्याकडं मागायला मी गेले नसते. भाबींच्या मालकांनी लिलावातल्या टेलिफोनच्या वायरचं वेटोळं आणलं. भाबी म्हणाल्या, "वायर पत्र्यावर काचंल, तुटंल. ट्यूब चालतील का? दुकानात फुटक्या ट्यूबांचा ढीग पडलाय." वायर पत्र्यांवरून टाकून टोकांना दगड बांधले, आणि कडेला जिथं जिथं ती घासली असती, तिथं तिथं आम्ही सायकलच्या ट्यूबा गुंडाळल्या. काही ट्यूबा चिरून एकमेकींना बांधल्या आणि त्यांनी वासे भिंतीतल्या खुंट्यांना आवळले. रबराचा आणि धुळीचा तो वास हातांना कितीतरी दिवस येत होता.

दुपारी ह्यांच्याबरोबर काम करणारा एक जण सायकलवरून निरोप घेऊन आला. कारखान्यात सगळ्यांना थांबवून घेतलं होतं, माल आणि शेड आवरायच्या होत्या. हे येऊ शकत नव्हते. निरोप असा: आईला घेऊन गावातल्या देवळात जा. घराचं काय व्हायचं ते होऊ दे.

मी आढ्यावर बसले होते. तिथूनच म्हटलं, "त्यांना सांगा, निरोप पोचला."

"म्हणजे जाताय ना वहिनी?"

"निरोप पोचला एवढंच सांगा."

तो गेला आणि जागामालक आले. बरोबर गावातले दोघं. ते आधी उघड्या खांबांकडं बघत राहिले, मग तोडलेल्या झाडाकडं, मग वर माझ्याकडं.

"उतरा खाली. बायामाणसानं पत्र्यावर चढायचं असतंय व्हय? गावानं काय म्हनावं?"

"गावानं दोर धरायला यावं," मी म्हटलं. "तेवढं केलं तरी पुष्कळ."

बरोबरच्या दोघांतला एक हसला. जागामालकांना ते आवडलं नाही. ते म्हणाले, "घर तर तुमीच मोडाय लागलाय. बरंच झालं. आता समदंच उतरवा आन् चला देवळात. उगाच जिवाशी खेळ नगं. वादळ गेलं, की ह्या ठिकाणी परत काय उभं करू नगा. मोटारवाल्यास्नी जागा दावायची हाय."

आवाजात काळजी होती, खोटं कशाला बोलू? माणूस वाईट नव्हता. पण काळजीच्या आत दुसरं काहीतरी होतं, आणि ते मला त्या उंचीवरून स्वच्छ दिसत होतं.

सासूबाई झाडाच्या फांद्या ओढून बाजूला करत होत्या. त्या सरळ उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "आम्ही देवळात नाय जाणार. देव इकडं येईल, त्याला वाटलं तर."

जागामालक निघून गेले. सासूबाई शेवग्याचा पाला ओरबाडायला बसल्या. मी खाली उतरून त्यांच्याशेजारी बसले. आणि त्यांनी, मी काहीही न विचारता, पाला काढता काढता सांगितलं. त्या सून होत्या तेव्हा खाडीत असंच वादळ शिरलं होतं. सगळं गाव देवळात गेलं, त्यांच्या घरचेही गेले. वारा थांबल्यावर परत आले तर घर पडलेलं, आणि पडलेल्या घराभोवती खोताच्या माणसांनी काट्यांचं कुंपण घातलेलं. घर नाही तर कूळ कसलं, म्हणाले. त्यांचे सासरे खूप रडले, पाया पडले. काही झालं नाही.

"वाऱ्यानं भिंती पाडल्या गो. जागा वाऱ्यानं नाय नेली. जागा आमच्या पळण्यानं गेली. घरात माणूस बसलेलं असतं तर कुंपण घालायला कोण धजला असता?"

इतकी वर्षं त्यांनी हे लेकालाही सांगितलं नव्हतं. मी पाला चिरायला घेतला. त्या संध्याकाळी शेवग्याच्या पाल्याची भाजी झाली आणि भाकऱ्यांची चळत. जितकं पीठ होतं तितक्या भाकऱ्या मी थापल्या, कारण उद्या चूल पेटेल याची खात्री नव्हती. काड्यापेटी आणि मीठ डब्यात घालून डब्याच्या तोंडाला ट्यूब बांधली. अंथरुणं ट्रंकेत कोंबली. हंडे भरले. सरपण आत घेतलं, शेळी आत घेतली, कोंबड्या डालग्याखाली झाकल्या. मावळतीच्या खिडकीला आतून फळी ठोकली आणि फटींत पोत्याचे बोळे घातले. उगवतीची खिडकी मी बंद करायला गेले, तर सासूबाईंनी हात धरला. "ती राहू दे. वाऱ्याला यायची वाट बंद करायची, जायची वाट उघडी ठेवायची. कोंडलेला वारा घर फोडतो."

शेवटी त्यांनी एक विचित्र गोष्ट करायला लावली. स्वयंपाकाच्या कोपऱ्यावरचा पत्रा त्यांना कच्चा वाटत होता. त्या कोपऱ्यातल्या वाशाला विहिरीचा दोर बांधून त्याचं दुसरं टोक त्यांनी जमिनीवरच्या जात्याला करकचून बांधलं.

पहाटे वारा आला. आधी लांबून, बैलगाड्यांची रांग दगडी रस्त्यानं यावी तसा आवाज. मग उजाडता उजाडता तो आवाज घरावर येऊन आदळला. मी खाडीकाठी वादळं पाहिली होती, पण तिथं नारळी-पोफळी असतात, वाऱ्याला झेलायला कुणीतरी असतं. या माळावर आमच्यात आणि त्याच्यात काहीच नव्हतं. भिंत थरथरतेय हे मला पाठीला कळत होतं. वायरच्या टोकांचे दगड भिंतीवर आपटत होते, आणि प्रत्येक आपटण्याबरोबर मी मनात म्हणत होते, आहे, अजून आहे.

सकाळ होता होता दारावर धडका बसल्या. भाबी, त्यांचे मालक आणि त्यांची दोन लहान मुलं, चौघंही नखशिखांत भिजलेली. भाबींच्या हातात एक पातेलं होतं, त्याशिवाय काही नव्हतं.

"गेलं," त्या म्हणाल्या. "समदं छप्पर गेलं. गवताची एक काडी ठेवली न्हाई."

मी त्यांना आत ओढलं आणि अडसर लावला. मुलांना शेळीजवळ बसवलं, ती उबेला चिकटून बसली. आणि तेवढ्यात स्वयंपाकाच्या कोपऱ्यातून असा आवाज आला, की जणू कुणी ताट फाडतंय.

कोपऱ्यावरचा पत्रा सुटला. एकदम लख्ख उजेड आत आला आणि पाऊस आडवा घुसला. पत्रा कुठं गेला ते दिसलंसुद्धा नाही. पण त्याच्या जाण्यानं खालचा, जात्याला बांधलेला वासा मोकळा झाला होता, आणि तो वर उठत होता. तो उठला असता, तर त्याच्याबरोबर सगळं छप्पर गेलं असतं. दोर ताणला गेला. जातं जमिनीवरून सरकलं. वीतभर सरकलं, पुन्हा सरकलं.

सासूबाई उठल्या आणि जात्यावर जाऊन बसल्या. जातं थांबलं, पण वाऱ्याचा पुढचा झोत आला आणि त्यांच्यासकट हललं. मी दोराला धरून लोंबकळले. भाबींनी माझ्या कमरेला मिठी मारली. भाबींचे मालक वर चढून दुसऱ्या वाशाला ट्यूबांचा विळखा घालत होते. दोर माझ्या तळव्यांतून जात होता, कातडं सोलत होता, आणि मला वेदनेपेक्षा राग येत होता. इतका राग मला आयुष्यात कधी आला नाही. वाऱ्याचा, त्या मोटारवाल्यांचा, 'घराचं काय व्हायचं ते होऊ दे' म्हणणाऱ्या ह्यांचासुद्धा.

सासूबाई जात्यावर मांडी घालून बसल्या होत्या, पांढरे केस सुटलेले, तोंडावर पाऊस. आणि त्या वाऱ्याला शिव्या घालत होत्या. देवाचं नाव नाही, नवस नाही. "ये मेल्या, ये! तुझ्या बापाचं घर आहे काय? एकदा नेलंस, आता नाय देणार! घे, उचल बघू मला! उचल!"

भाबींना हसू फुटलं. त्या भयंकर वेळी, माझ्या पाठीला डोकं टेकून त्या हसायला लागल्या आणि मग मीही. हसता हसता आम्ही दोघी रडत होतो की काय कोण जाणे. पण दोर सोडला नाही. लहान मुलं शेळीच्या आडून आमच्याकडं टकामका बघत होती. त्यांना वाटलं असेल, मोठी माणसं वेडी झाली.

किती वेळ तो झगडा चालला, मला सांगता येणार नाही. दुपारकडं वाऱ्याचा आवाज फाटत गेला, मधेमधे खंड पडायला लागला. दोर सैल झाला, तेव्हा माझी बोटं उघडेनात. भाबींनी ती एकेक करून उघडली.

पाऊस अजून पडत होता. मी दार उघडून बाहेर आले. माळावर काही ओळखू येत नव्हतं. कुणाच्या तरी गोठ्याचा कुड आमच्या दारात येऊन पडला होता. पडवीचे खांब जमिनीतून उपटून लांब गेले होते. पडवी असती तर काय झालं असतं, हे मला त्या खड्ड्यांकडं बघून कळलं. वर पाहिलं. कोपऱ्यातला एक पत्रा नव्हता. बाकीचं छप्पर दगड, वायर आणि ट्यूबा अंगावर घेऊन, ओलं, काळं, जागच्या जागी होतं.

पाऊस थोडा उघडला तसे जागामालक आले. त्यांचा चेहरा उतरलेला होता, अंगावर पोतं घेतलं होतं. बहुधा ते खरोखरच आम्ही जिवंत आहोत का ते बघायला आले होते. आम्ही सगळे धड आहोत हे पाहून त्यांनी हात जोडले. मग त्यांची नजर वर गेली, कोपऱ्यावर थांबली.

"छप्पर गेलं म्हनायचं," ते हळूच म्हणाले.

"एक पत्रा गेला," मी म्हटलं. "छप्पर आहे."

"तसं नव्हं. पडवी गेली, कोपरा गेला—"

"पडवी मी उतरवली. उघडे खांब काल तुम्हीच पाहिलेत. आडोशाला ठेवलीय, मोजून घ्या. छप्पर पडलं तर जागा तुमची, असं तुम्ही बोलला होता. पडलेलं छप्पर कुठं आहे ते दाखवा."

भाबींचे मालक दारात येऊन उभे राहिले. बांधावर ते बोलणं झालं, तेव्हा त्या चारचौघांत तेही होते. ते शांतपणे म्हणाले, "काका, तुमचा सबूद मी ऐकलाय. गावानं बी ऐकलाय."

जागामालक त्यांच्याकडं बघून म्हणाले, "आन् तुमी हितं कसं? जागा ह्यास्नी दिली हाय, तुमास्नी न्हाई."

मी काही बोलायच्या आत सासूबाई बाहेर आल्या. केस अजून सुटलेले, लुगडं पिळून घेतलेलं. "छप्पर आहे तोवर आम्ही राहायचं, एवढंच ठरलं होतं. छपराखाली कोण कोण, ते ठरलं नव्हतं. हे राहणार. यांचं छप्पर होईपर्यंत राहणार."

म्हाताऱ्या बाईशी काय वाद घालणार! जागामालक अंगावरचं पोतं सारखं करत परत गेले. पुढंही ते येत राहिले, मोटारीतली माणसंही आणत राहिले, पण त्यांनी वर बघून छपराची चौकशी केली नाही. शब्द चारचौघांत दिला होता आणि चारचौघांनी तो धरून ठेवला होता. माळाचा बाकीचा भाग हळूहळू गेला. आमचा तुकडा राहिला. भाबींचं कुटुंब संक्रांतीपर्यंत आमच्याकडं होतं. एकाच चुलीवर दोघींचे स्वयंपाक व्हायचे. भांडणंही व्हायची, नाही असं नाही.

हे त्या वादळाच्या दिवशीच दिवेलागणीला आले. रस्त्यावर झाडं आडवी पडली होती, त्यामुळं सायकल खांद्यावर घेऊन चालत आले होते. आधी देवळात गेले होते. आम्ही तिथं नाही म्हटल्यावर तिथून घरापर्यंत कसे आले असतील, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. त्यांनी आईला पाहिलं, मला पाहिलं, माझ्या हातांना गुंडाळलेल्या चिंध्या पाहिल्या. सायकल भिंतीला टेकवली आणि ती घसरून पडली, तरी उचलली नाही.

"निरोप मिळाला नव्हता का?"

"मिळाला होता."

"मग?"

"नाही गेले."

ते ओरडले. आमच्या लग्नानंतर पहिल्यांदा ते असे ओरडले. पत्रा मानेवर आला असता तर? भिंत पडली असती तर? दोन पत्र्यांसाठी जीव घालवायचा का? घर पुन्हा बांधता येतं, माणूस नाही. सगळं खरं होतं. भाबी आणि त्यांचे मालक मुलांना घेऊन आतल्या खोलीत गेले. सासूबाई मधे पडल्या नाहीत. त्या भिंतीला टेकून, डोळे मिटून बसल्या होत्या. त्या ऐकतायत हे मला ठाऊक होतं.

ह्यांचं बोलून झालं. मी म्हटलं, "घर पुन्हा बांधता आलं असतं. कुठं, ते सांगा."

ते खाली बसले, डोकं धरलं. मग म्हणाले, "पुन्हा असं करायचं नाही. एवढं कबूल कर."

"नाही कबूल करत," मी म्हटलं. "पुन्हा वारा आला तर पुन्हा करीन. तेव्हा तुम्ही घरी या. दोर धरायला एक माणूस कमी पडलं."

त्यांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. मग उठून माझ्याजवळ आले, चिंध्या सोडल्या, तळवे उजेडाकडं केले आणि तेल कुठं आहे ते विचारलं.